पेनिसिलीनची खारट बाटली

आमच्या दवाखान्यात येणारा माणूस औषध पिण्याआधी ते हुंगायचा. बाटली खिडकीशी नेऊन उजेडात धरायचा, हलवायचा, तळाशी गाळ किती बसतो ते बघायचा आणि मग मला विचारायचा, "कंपाउंडर, आज पातळ वाटतंय. घागर उपडी केली काय?" मी म्हणायचो, "मावशी, कालच्याच मापाचं आहे." त्यावर मावशी शेजारच्या बाईकडे बघून भुवई उडवायची. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याकडेच यायची. संशय व्यक्त केल्याशिवाय औषध लागू पडत नाही, अशी तिची समजूत असावी.

साठ सालानंतरची पंधरा-सोळा वर्षं मी भाईंदरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. संपादकांनी मला सांगितलं, "दवाखान्यातल्या गमती लिहा, लोकांना आवडतं." गमती आहेत, त्या लिहितो. पण मला मुळात एका बाटलीबद्दल लिहायचंय. ती बाटली चांगली होती. हे वाक्य लिहायला मला पन्नासच्या वर वर्षं लागली, म्हणून आधीच लिहून मोकळा होतो.

तेव्हाचं भाईंदर आजच्या लोकांना सांगून पटत नाही. बाजार, थोडी वस्ती, आणि मग नजर जाईल तिथवर मिठागरं. जिथे आज शांती नगरच्या इमारती आहेत, तिथून मी सायकलवरून जाताना एका बाजूला मिठाचे ढीग आणि दुसऱ्या बाजूला खाजण एवढंच असायचं. पेशंट यायचे ते मिठागरावरचे कामगार, राई गावातले कोळी-आगरी, काशीगावचे शेतकरी आणि माझ्यासारखे रत्नागिरीहून पोटापाण्याला आलेले.

कंपाउंडर म्हणजे काय तेही आता सांगावं लागेल. डॉक्टर कागदावर लिहीत आणि मी ते औषध दवाखान्यातच बनवून देई. लाल किंवा पिवळं मिक्स्चर बाटलीत ओतायचं, बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी डोसांच्या खुणांसाठी चिकटवायची. गोळ्या खलबत्त्यात कुटून पांढऱ्या कागदाच्या पुड्या बांधायच्या. इंजेक्शनच्या सुया उकळायच्या, आणि डॉक्टर नसतील तिथे इंजेक्शनही द्यायचं. पुडीवर नाव नसे. कुटलेली गोळी कुठली ते पेशंटला कळू नये, कळलं तर तो परस्पर दुकानातून आणून खाईल, हा त्यामागचा हिशेब. सगळ्याच दवाखान्यांत ती रीत होती. तेव्हा ती मला फार शहाणपणाची वाटायची. आज वाटतं, बिननावी पुडीसारखी लपायला दुसरी जागा नाही.

आमचे डॉक्टर बोलायला कमी, पण दुपारी पेशंट नसले की मला शिकवत. तोवर माझा समज असा की अँटिबायोटिक म्हणजे जंतूंचं विष, कुठलं कडक, कुठलं सौम्य, एवढाच फरक. ते हसले. म्हणाले, "अहो कंपाउंडर, जंतू म्हणजे एक छोटं घर समजा. त्याला बाहेरून भिंत असते. आपल्या शरीरातल्या पेशींना तशी भिंत नसते. पेनिसिलीन फक्त त्या भिंतीच्या बांधकामात खोडा घालतं. जंतू वाढताना, एकाचे दोन होताना त्याला नवी भिंत घालावी लागते. पेनिसिलीन तिथल्या गवंड्याचं सिमेंट बिघडवतं. भिंत कच्ची राहते, आतला दाब सोसत नाही, घर फुटतं. आपल्याला भिंतच नाही, म्हणून आपल्याला सहसा इजा नाही."

"आणि टेट्रासायक्लिन?" मी विचारलं.

"ते भिंतीला हात लावत नाही. घराच्या आत कारखाना असतो, प्रथिनं बनवण्याचा. ते कारखान्याचा पट्टा थांबवतं. टायफॉइडला आपण क्लोरॅम्फेनिकॉल देतो, तेही त्याच कारखान्यात जातं, दुसऱ्या यंत्रापाशी. जंतू मरत नाही, पण वाढायचा थांबतो. मग आपल्या रक्तातले शिपाई त्याला उचलतात. स्ट्रेप्टोमायसीन पण कारखान्यातच शिरतं, पण ते कामगारांना चुकीचं वाचायला लावतं. माल निघतो तो सगळा वेडावाकडा. त्यात जंतू मरतो."

"आणि सल्फाच्या गोळ्या?"

"ती फसवणूक आहे. जंतूला एक जीवनसत्त्व स्वतः रांधावं लागतं. सल्फा त्या रांधपाच्या एका जिनसासारखं दिसतं. जंतू ते उचलतो आणि चूल अडते. आपण ते जीवनसत्त्व जेवणातून तयार घेतो, म्हणून आपली चूल अडत नाही."

मला हे इतकं आवडलं की मी पुढचे कित्येक दिवस पेशंटना सांगत सुटलो. काशीगावच्या एका म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "येवढं तुला दिसतंय तर माझ्या गुडघ्यात काय हाय ते पन बघ."

संशयाच्या दोन गोष्टी सांगतो. एक हसण्याची आहे, दुसरी अर्धी.

बाजारात एक तबेलेवाला होता. त्याच्या पायाची जखम चिघळली, म्हणून डॉक्टरांनी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुली दिल्या. आठवडा झाला तरी पाय तसाच. तो दवाखान्यात येऊन सगळ्यांसमोर ओरडला, "खडूची भुकटी भरून देता गरिबाला!" डॉक्टरांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि शांतपणे विचारलं, "कॅप्सूल कशाबरोबर घेतोस?" तो छाती काढून म्हणाला, "दवा गरम असतंय ना, म्हणून दर वेळेला लोटाभर म्हशीचं दूध." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. दुधातला चुना, म्हणजे कॅल्शियम, टेट्रासायक्लिनला पोटातच धरून ठेवतो, रक्तात जाऊच देत नाही. पाण्याबरोबर घेतल्यावर पाच दिवसांत जखम सुकली. पण त्याने शेवटपर्यंत हेच सांगितलं की आपण ओरडलो म्हणून डॉक्टरने खरी दवा काढली.

दुसरा एका मिठागराचा मुकादम. त्याला क्षय होता, स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं मी द्यायचो. त्याचा खोकला उतरला, अंग भरलं. मग तो तक्रार करू लागला, "घरातली माणसं माझ्यामागे कुजबुजतात." बायकोवर, भावावर, सगळ्यांवर त्याचा संशय. बायको म्हणायची, "मी तर ओरडून बोलते हो!" कानात सतत घंटी वाजते असं तो एकदा सहज बोलला आणि मी ते डॉक्टरांना सांगायला पंधरा दिवस उशीर केला. त्या औषधाने कान जातात, हे मला माहीत होतं. इंजेक्शन बंद केलं तोवर ऐकू येणं पुष्कळ कमी झालं होतं. तो जगला. मला रस्त्यात भेटला की मोठ्याने म्हणायचा, "हळू का बोलता?" मी हळू बोलत नसायचो.

आता राईची गोष्ट.

राईत काशिनाथ नावाचा मच्छीमार होता, तिशीच्या आतला. मी भाईंदरला नवा आलो तेव्हा वर्षभर त्याच्या घरी जेवत होतो. त्याची बायको मानकी मला ताटात वाढताना म्हणायची, "कंपाउंडर, काटं बघून खा. तुमचे दवाखान्यान काटा काढायची दवा हाय का?" काशिनाथ पोट धरून हसायचा. माझी बहीण, मेव्हणा गावाला होते. इथे माझं म्हणावं असं ते एकच घर होतं.

सहासष्ट-सदुसष्टच्या सुमाराला काशिनाथ तापाने पडला. दोन दिवसांनी डोकं फुटेल असं दुखू लागलं, मान ताठ झाली, माणूस ओळखेना. डॉक्टर आले, त्यांनी मान वाकवून बघितली आणि बाहेर येऊन काशिनाथच्या मोठ्या भावाला, धर्माला, सांगितलं, "मेंदूच्या आवरणाला सूज आहे. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात न्या."

धर्मा म्हणाला, "तिकडं नेलेला मानूस चालत परत आलेला मी बघितला न्हाय. तुमी हितंच काय ते करा."

डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं. शेवटी म्हणाले, "मग दर चार तासांनी पेनिसिलीन जाईल, मोठ्या डोसात. कंपाउंडर इथेच राहतील." पेनिसिलीनच्या बाटल्या आमच्याकडे बाजारातल्या जयंतीभाईंच्या मेडिकलमधून येत. जयंतीभाई गुजराती, गोरे, कानावर पेन्सिल अडकवलेले आणि बाटली हातात देताना लेबल आपल्याकडे करून देणारे. "वाचून घ्या भाई. वाचल्याशिवाय माझ्याकडून पण नाय घ्यायची." त्या दिवशी त्यांनी सीलबंद खोका स्वतः राईपर्यंत आणून दिला.

बाटलीत पांढरी भुकटी असते. तिच्यात पाणी घालून ती विरघळवायची आणि सुईने ओढून घ्यायची. आमच्याकडे त्यासाठी सलाइन वापरत, म्हणजे निर्जंतुक केलेलं मिठाचं पाणी. हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

पहिल्या दिवशी गुण दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी काशिनाथने डोळे उघडून मानकीला नावाने हाक मारली, पाणी मागितलं आणि ते गिळलं. तिने माझे पाय धरले. मी मागे सरलो, पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माझ्या हाताला गुण आहे असं राईत बोललं जायचं आणि मी ते खोडत नसे.

त्याच सकाळी मी चूक केली. डॉक्टरांनी तापासाठी साध्या पुड्या सांगितल्या होत्या. मी कपाटातून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुली घेतल्या, त्या फोडून पिवळी भुकटी पुड्यांत मिसळली. पुडीत ब जीवनसत्त्वाची गोळी असायचीच, तिचाही रंग पिवळा, त्यामुळे कुणाला वेगळं दिसलं नाही. याला मी मनाशी 'जोड' म्हणत असे. जवळच्या माणसांना मी आधीही दोन-तीनदा गुपचूप जोड दिली होती आणि ते बरे झाले होते. माझा हिशेब सरळ होता. एक औषध भिंत पाडतं, दुसरं कारखाना बंद पाडतं. दोन्हीकडून हल्ला केला तर जंतू जाईल कुठे? काशिनाथ अर्धा बरा झालाच होता, मी उरलेला अर्धा जोर लावत होतो. डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि बरा झाल्यावर तो माझ्या हाताने बरा झाला असं मला म्हणता आलं नसतं.

मानकी मधात पुडी कालवून त्याला चाटवायची. दुपारनंतर ताप पुन्हा चढला. तिसऱ्या दिवशी त्याचं बोलणं तुटक झालं. इंजेक्शनं वेळेवर चालू होती, बाटल्या त्याच खोक्यातल्या. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

डॉक्टर आले, हात धुतले आणि मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, "पहिल्या दिवशी उतार पडला होता. मग उलटं का गेलं? इंजेक्शन एकही चुकलं नाही?"

"नाही साहेब."

"पुडीत काय होतं?"

"नेहमीचंच."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग नजर खिडकीकडे गेली. तिथे रिकाम्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या होत्या. अशा बाटल्या राईत घरोघरी असत, बायका त्यांत काजळ ठेवत, कुणी वात घालून दिवा करत. म्हणूनच लोकांना एक शंका कायम असे, रिकामी बाटली पुन्हा भरायला कितीसा वेळ लागतो?

दिवसकार्य झालं आणि धर्माने ती शंका बोलून दाखवली. त्याने खिडकीतली एक बाटली उचलली, करंगळी आत फिरवून तळाचा वाळलेला थर जिभेला लावला. राईतल्या माणसाशिवाय हे कुणी केलं नसतं. त्यांचा निम्मा गाव पिढ्यानपिढ्या मिठागरावर राबलेला. चिमूट चाखून मीठ कुठल्या कुंडीतलं ते सांगणारी माणसं.

"खारट हाय," तो म्हणाला. अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. "कंपाउंडर, तू चाखून बघ. ही दवा हाय का मीठ हाय?"

मी करंगळी फिरवली आणि चाखलं. खारट होतंच. मीच त्यात मिठाचं पाणी घातलं होतं. एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, 'दवा चांगली होती तर मानूस कशानं गेला? आनखी काय दिलं व्हतं?' डॉक्टरांचा तो प्रश्न विचारून झाला होता.

मी म्हटलं, "खारट आहे."

शब्द खरा होता. त्याच्याइतकं मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

"त्या दुकानदारानं मिठागराचं पानी भरून इकलं," धर्मा म्हणाला, आणि संध्याकाळच्या आत ते वाक्य भाईंदरच्या बाजारात पोचलं.

दोन दिवसांनी जयंतीभाईंच्या दुकानाची काच फुटली. लोक दुकानासमोरून जाताना हाक मारायचे, "काय पानीवाला, आज भरती कधी?" जयंतीभाई दवाखान्यात आले. बाकी पेशंट आहेत म्हणून हळू आवाजात म्हणाले, "भाई, तुमी सांगा ना त्यांना. सलाइन तुमी मिसळता. तुमच्या तोंडून ऐकतील ते."

"सांगतो," मी म्हटलं.

"आज सांगा."

"सांगतो हो, जयंतीभाई."

सांगितलं नाही. डॉक्टर स्वतः एक-दोघांना म्हणाले की सलाइन खारट असतं. पण त्यांच्याही मनात किडा शिरला होता. जो पेशंट एकदा सुधारला, तो त्याच औषधावर का गेला? त्यांना माझ्या उत्तरानंतर बाटलीशिवाय संशय घ्यायला दुसरं काही उरलं नव्हतं. ते बाटल्या मुंबईहून मागवू लागले. गावाने ते पाहिलं. डॉक्टरनेच दुकान बदललं म्हटल्यावर आणखी पुरावा कशाला हवा?

चार-पाच महिन्यांनी जयंतीभाईंनी दुकान बंद करायचं ठरवलं. जाण्याच्या आदल्या दिवशी ते माझ्या खोलीवर आले. खिशातून दोन सीलबंद बाटल्या काढल्या आणि लेबल माझ्याकडे करून टेबलावर ठेवल्या. "त्याच खोक्यातल्या. नंबर बघा, सेम आहे. सरकारी प्रयोगशाळेत तपासायला पाठवा. तुमच्या नावाने पाठवा, भाई. माझ्या नावाने पाठवली तर कोण मानेल? बोलतील, चांगली बघून पाठवली."

मी बाटल्या घेतल्या. मान हलवली. ते जिना उतरताना मागे वळून म्हणाले, "तुमचा माणूस गेला त्याचं मला पण दुःख आहे, हां." माझ्यावर त्यांनी संशय घेतला नाही. त्या काळात त्या गावात बहुधा तेवढा एकच माणूस असेल ज्याला कुणावर संशय घेता येत नव्हता.

एक बाटली मी खाडीत फेकली. दुसरी फेकवली नाही. तपासायला पाठवली मात्र नाही. ती चांगली निघेल, याची मला खात्री होती.

यानंतर पाच-सहा वर्षं गेली असतील. एका दुपारी डॉक्टर टपालाने आलेला वैद्यकीय अंक वाचत होते. मला हाक मारली. "कंपाउंडर, तुम्हाला गवंड्याची गोष्ट सांगितली होती ना? तिचा पुढचा भाग ऐका. पेनिसिलीन सिमेंट बिघडवतं. पण बांधकाम चालू असेल तरच. जंतू वाढायचा थांबला, तर गवंड्याला कामच नाही. मग सिमेंटात भेसळ करून उपयोग काय? म्हणून काही आजारांत, मेंदूच्या सुजेत विशेष, पेनिसिलीनबरोबर टेट्रासायक्लिन देऊ नये. एकाने जंतूला झोपवायचं आणि दुसऱ्याने तो जागा असेल तरच मारायचं. दोन्ही चांगली औषधं, पण एकमेकांच्या पायात पाय. नुसत्या पेनिसिलीनपेक्षा जोडीवर जास्त माणसं गेली, असं फार आधीच दिसून आलंय."

ते हे माझ्याकडे न बघता बोलले. अंक मिटला. मग हात पुढे केला आणि म्हणाले, "औषधांच्या कपाटाची किल्ली यापुढे माझ्याकडे राहील."

मी किल्ली दिली. त्यांना कळलं होतं का? मी पुष्कळदा विचार केला. त्यांनी पुढे कधी विषय काढला नाही, मीही नाही. त्यानंतरची काही वर्षं आम्ही एकमेकांशी फार सभ्यपणे वागलो.

जोड दिली नसती तर काशिनाथ वाचला असता का? मला माहीत नाही. तो आजार तसाच होता, उपचार घरी चालला होता, तो गेलाही असता. त्या चुकीला मी अज्ञान म्हणू शकतो. अंगणात करंगळी चाखून जे बोललो, आणि टेबलावरच्या बाटल्या घेऊन जे केलं नाही, त्याला अज्ञान म्हणता येत नाही.

हे सगळं मी बरोबर घेऊनच गेलो असतो. पण दोन वर्षांपूर्वी शांती नगरात औषधाच्या दुकानात उभा होतो. पुढचा तरुण पाच दिवसांच्या कॅप्सुलींपैकी दोनच मागत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, अर्ध्यावर सोडलंस तर दुबळे जंतू मरतील आणि चिवट तेवढे उरतील. पुढच्या वेळी हेच औषध त्यांना ओळखीचं होईल." तो म्हणाला, "अंकल, दुकानवाल्याचं कमिशन आहे का तुम्हाला?" मागे एक साठीच्या बाई हसल्या. "तुम्ही कंपाउंडर होता का हो?"

"भाईंदरला होतो. फार जुनी गोष्ट."

"माझे पपा पण भाईंदरला मेडिकल चालवायचे. जयंतीलाल. तुम्ही ऐकलं असेल. पाणीवाला."

त्या हंसाबेन, त्यांची मुलगी. भाईंदर सोडलं तेव्हा सात वर्षांच्या होत्या. आम्ही बाहेर बाकावर बसलो. त्यांनी सांगितलं, जयंतीभाई पुढे दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करत राहिले, स्वतःचं पुन्हा काढलं नाही. वारले त्यालाही बरीच वर्षं झाली. मग त्या म्हणाल्या, "मम्मी बोलायची, पपांनी केलं नाही. पण पपा स्वतः त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. माणूस निर्दोष असेल तर बोलेल ना? मला आजपण कळत नाही, काका. तुम्ही तर तिथलेच. खरं सांगा. केलं होतं का त्यांनी?"

"नाही," मी म्हटलं. "नाही केलं."

त्या मान हलवून हसल्या. म्हातारा माणूस तोंडावर दुसरं काय बोलणार, असं ते हसणं होतं.

मी आधी राईला गेलो. मानकी आता पंच्याहत्तरीच्या पुढची आहे. धर्मा कधीच गेला. मी ओसरीवर बसून तिला सगळं सांगितलं. पुडी, पिवळी भुकटी, सलाइन, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कंपाउंडर, तुला कोनी पाठवला?"

"कुणी नाही. मी आलोय."

"त्या पानीवाल्याची मानसं आली व्हती तुझेकडं. काय दिलं त्यांनी?"

"मानकी, मी खरं सांगतोय. पुडी माझी चूक होती."

ती उठून उभी राहिली. "तुझी पुडी व्हती म्हनून तो दोन दिस माझेशी बोलला. मना म्हातारीला फसवायला येतंस? चाय पी आनि जा."

चहा पिऊन मी निघालो. रस्त्यात मला कळलं की मी पेरलेलं आता मला उपटता येत नाही. तिने पन्नास वर्षं ज्याच्या आधारावर काढली, ते मी एका दुपारी काढून घ्यायला गेलो होतो, आणि तिने ते दिलं नाही. तिला दोष कसा देऊ? आमच्याकडे माणूस औषधाचा संशय घेतो. औषध देणाऱ्याचा घ्यायचा, हे तिला मीच कधी शिकवलं नाही.

म्हणून लिहायला बसलो. लिहून झाल्यावर कागद आणि ती उरलेली बाटली घेऊन हंसाबेनच्या घरी गेलो. त्या सावकाश वाचत होत्या. मधे उठून पाणी प्यायल्या, पुन्हा वाचत बसल्या. वाचून झाल्यावर बाटली हातात घेतली, खिडकीशी नेऊन उजेडात धरली, हलवली. भुकटी पिवळट होऊन तळाला चिकटली आहे, ती हलली नाही. सील जसंच्या तसं आहे.

"एवढी वर्षं तुमच्याकडे होती?"

"हो."

त्यांनी बाटली खिडकीत ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही. मग कागद पुन्हा चाळले, शेवटचं पान उलटून पाहिलं. "पपांचं नाव लिहिलंत. तुमचं कुठाय?"

मी म्हटलं, "संपादकांना सांगितलंय, नाव नको. 'एक जुना कंपाउंडर' एवढंच टाका."

"मग लोक बोलतील, पाणीवाल्याच्या पोरीने पैसे देऊन लिहून घेतलं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पपा तुम्हाला काय बोलले होते? तुमच्याच लेखात आहे. तुमच्या नावाने पाठवा."

बाटली त्यांनी ठेवून घेतली आणि कागद मला परत दिले.

ती बाटली चांगली होती. खारटपणा माझ्या सलाइनचा होता. पुडी मी बांधली होती.

वसंत गोविंद सावंत
कंपाउंडर, भाईंदर